द्राक्षं दाखवायचा महिना

काल संध्याकाळी दूध आणायला बाहेर पडले, तर कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानासमोर द्राक्षांची पहिली हातगाडी लागलेली. गाडीवाल्याने घड वर्तमानपत्रावर मांडले होते आणि वर एक पिवळा बल्ब टांगला होता. त्या उजेडात मणी आतून पेटल्यासारखे दिसत होते. मी एक तोंडात टाकला. अजून आंबट आहेत, थोडं ऊन खायला हवं त्यांनी. पण आंबटपणा ओसरल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला जी जराशी गोडी येते ती आली, आणि मला माझं गेल्या वर्षीचं जेवणाचं टेबल आठवलं. एका टोकाला द्राक्षांची परडी, दुसऱ्या टोकाला लॅपटॉप, आणि मधल्या भागात रंगीत कागदांचे इतके तुकडे, की जेवायला आम्ही ताटं मांडीवर घेत होतो. माझ्यासारखीच्या घरात, जिथे मिठाच्या बरणीवरही चिठ्ठी असते, असा पसारा दोन-तीन महिने टिकला, यावर तुमच्या बाबाचा अजूनही विश्वास बसत नाही.

इरा, कबीर, हे मी तुमच्यासाठीच लिहिते आहे. तुम्ही नाशिकला येता ते जुलैत. तेव्हा इथे सगळं ओलं असतं, गच्चीवर पाय घसरतो, कपडे तीन दिवस वाळत नाहीत आणि तुम्ही समजता की आजीचं गाव असंच असतं. खरं नाशिक तुम्ही पाहिलेलंच नाही. ते असतं आत्ता. सकाळी शाल लागते आणि दुपारी पंखा. दिंडोरीकडून येणाऱ्या गाड्यांमध्ये क्रेट एकावर एक रचलेले असतात, गाडी वळली की रस्त्यावर दोन-चार मणी सांडतात आणि दिवसभर टायरांखाली चिरडून रस्त्यालाच गोडसर वास येतो. शाळेच्या डब्यात द्राक्षं, देवापुढे द्राक्षं, शेजारणीने वाटी परत केली तर तीत द्राक्षं. नात्यातल्या कुणाची ना कुणाची बाग असतेच, त्यामुळे या दिवसांत विकत घेणाऱ्याला लोक थोडं कीव आल्यासारखं बघतात. मी विकतच घेते. निवडून घेता येतात.

तुमच्या रॉटरडॅमच्या दुकानात बाराही महिने द्राक्षं असतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. कुठून कुठून येतात, त्यांत आमच्या भागातलीही असतात. छान असतात. पण वाट बघून खाल्लेल्या द्राक्षाची चव त्यांना नसते, आणि हे मी म्हातारपणामुळे म्हणत नाही.

तर त्या टेबलाविषयी.

वरच्या मजल्यावरच्या खोलीत प्राजक्ता राहते, हे तुम्हाला माहीत आहे. जुलैत तुम्हाला पतंगाचा कागद कापून देणारी तीच. ती देवळ्याची. घरची कांद्याची शेती, इंजिनियर होऊन पुण्याला नोकरीला लागली, आणि तीन वर्षांनी नोकरी सोडून इथे आली. तिला एक ॲप बनवायचं होतं. साध्या माणसाला आपला पैसा कुठून आला आणि कुठे गेला एवढं फोनवर बघता यावं, घाबरायला होऊ नये, इंग्रजी यायची गरज पडू नये, असं. तिच्या खोलीत नेटला रेंज नसायची, म्हणून पहिल्या आठवड्यात ती विचारून माझ्या टेबलाशी बसली. दुसऱ्या आठवड्यापासून विचारलं नाही.

तिच्या वडिलांना ती नाना म्हणते. नानांनी तिला मुदत दिली होती आखाजीची. आखाजी म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, पण देवळ्याकडे तो माहेरवाशिणींचा मोठा सण, झाडाला झोके बांधतात आणि सासरी गेलेल्या मुली घरी येतात. नाना म्हणाले होते, आखाजीला येशील तेव्हा मला सांग, कुणी घेतलं का तुझं ते. घेतलं तर कर पुढे. नाही घेतलं तर पुण्याचे लोक अजून बोलावताहेत, मुकाट्याने जा. त्यात दुष्टपणा काही नव्हता. एका पिकात जीव अडकवला आणि ते उठलं नाही, तर माणसाने दुसरं पेरावं, एवढं सरळ त्यांचं गणित होतं. शहराच्या कडेची एक लहान पतसंस्था, भाजी आणि फुलं पिकवणाऱ्या लोकांची, ॲप बघायला तयार झाली होती. दुसरं कुणीच नव्हतं. म्हणजे द्राक्षं संपायच्या आत ते ॲप उभं राहायला हवं होतं.

मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. आधी इंग्रजीत बी.ए. झाले, मग पुस्तकांना नंबर घालायला शिकले. त्यामुळे प्राजक्ताने जेव्हा विचारलं, की काकू, घरात खर्च कोणकोणते असतात, तेव्हा तिला उत्तराऐवजी एक वर्गीकरण मिळालं. मुख्य वर्ग, पोटवर्ग, त्याचे पुन्हा भाग. रंगीत कागदांचे तुकडे ते हेच. किराणा पिवळा, औषधं निळी, प्रवास हिरवा. प्राजक्ता तोंडाने हो हो म्हणत होती आणि डोळ्यांनी दार शोधत होती.

त्यात कुसुमची भर. कुसुम माझी सकाळच्या फिरण्याची मैत्रीण, तुम्ही तिला फुटाणेवाली आजी म्हणता ती. तिला आम्ही पहिली परीक्षक नेमलं, कारण तिचा फोन आणि तिचं कधीच पटत नाही. ती फोन हाताच्या पूर्ण अंतरावर धरते आणि बटणावर असं बोट मारते, जणू दाराची बेल दाबते आहे. माझी वर्गवारी बघून ती म्हणाली, “लायब्ररीणबाई, कोथिंबीर कुठे टाकू? भाजीत की मसाल्यात?”

मी भाजीत म्हटलं. ती म्हणाली, मला तर भाजीवाल्याने वर फुकट घातली. फुकटचा वर्ग कुठे आहे? त्यावर प्राजक्ता इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि दुसऱ्या दिवशी माझे पिवळे-निळे कागद हळूच खुर्चीवर जाऊन बसले. पडद्यावर दोनच बटणं उरली. एकावर ‘आले’, दुसऱ्यावर ‘गेले’. अंगठ्याएवढी मोठी. त्याखाली कशासाठी ते बोलून सांगायचं, ते आपोआप लिहिलं जातं. मला ते फारच उघडंबोडकं वाटलं. पण कुसुमने पहिल्यांदा चष्मा न शोधता काहीतरी दाबलं, हे मान्य करायला हवं.

पण दाबलं आणि लगेच फोन टेबलावर टाकला. “अगं, ‘गेले’ म्हणतंय. पैसे गेले का माझे?”

तिला समजावण्यात अर्धा तास गेला की हे फक्त लिहिणं आहे, बँकेशी याचा काही संबंध नाही, कुणी तुझे पैसे काढून घेत नाही. प्राजक्ता ऐकत होती. मग तिने सगळ्यात वर एक ओळ टाकली, ‘इथे फक्त लिहायचं आहे. तुमच्या पैशाला कुणी हात लावत नाही.’ मी तिला म्हटलं, हे तर उघड आहे. ती म्हणाली, काकू, भीती वाटणाऱ्याला उघड काहीच नसतं. ती हुशार आहेच, पण मला ती त्या दिवशी जास्त आवडली.

त्या दिवसांची दुपार मला अजून नीट दिसते. गच्चीवर बेदाण्यांसाठी द्राक्षं वाळत घातलेली. द्राक्षं उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून काढायची, साल जराशी तडकली की पंचावर पसरायची. पहिल्या दिवशी ती फुगून चकाकतात, मग रोज थोडी थोडी आक्रसत जातात, रंग हिरव्याचा मधासारखा होतो. मी दर तासाला वर जाऊन ती उलटायची. खाली आले की प्राजक्ता कुठला तरी चौकोन डावीकडचा उजवीकडे नेऊन मला विचारायची, आता बरं वाटतं का? मला फरक कळायचा नाही. मी बरं वाटतं म्हणायची. मग ती म्हणायची, म्हणजे नाही वाटत. असं आमचं चाललेलं असायचं, आणि घरभर तो उकळलेल्या द्राक्षांचा ऊबदार वास.

पैशाचा विषय निघाला की मला तुमचे आजोबा आठवतात. आमच्याकडे एक तारीख हा सणच होता. आजोबा संध्याकाळी पगार घेऊन यायचे, येताना जिलबी आणायचे, आणि जेवणं झाल्यावर पाकिटं मांडली जायची. दूध, वाणी, शाळा, वीज, गावी पाठवायचे. त्या दिवशी न्हाणीत नवा साबण निघायचा, त्याची कडा अजून बोटाला टोचेल इतकी धारदार असायची. आणि महिनाअखेरीला तोच साबण पारदर्शक चकती होऊन जायचा, टूथपेस्टची नळी कात्रीने कापली जायची, रात्री पिठलं असायचं. तुमचा बाबा लहानपणी पिठल्याच्या वासावरून तारीख सांगायचा. आज विचार करते तेव्हा वाटतं, आमच्या त्या नोकरदार घरातसुद्धा महिन्याला चार ऋतू होते. जिलबीचा, साबणाचा, नळी कापायचा आणि पिठल्याचा. पण तेव्हा ते तसं कुणाला सुचलं नाही. एक तारीख हीच जगाची सुरुवात, असं मी धरून चालले होते. आणि प्राजक्ताचं ॲपसुद्धा एक तारखेलाच सुरू होत होतं. महिना उजाडला की ते पाटी कोरी करायचं, महिनाभर आले-गेले मोजायचं, आणि रोज सकाळी एक चेहरा दाखवायचं. आले जास्त असतील तर हसरा, गेले जास्त असतील तर पडलेला. तो चेहरा प्राजक्ताने स्वतः काढला होता, त्याच्या भुवया जमवायला तिला दोन दिवस लागले. मला तर तो चेहरा फारच आवडला होता. माझं पेन्शन एक तारखेला येतं. माझ्याकडे बघून तो नेहमीच हसायचा.

नानांच्या फोनमध्येही तिने जानेवारीत ॲप घालून दिलं होतं. फेब्रुवारी संपता संपता ते एका कामासाठी नाशिकला आले. उंच, सावळे, पांढरा सदरा, हातात कांद्याची पिशवी आणि पिशवीत माझ्यासाठी मेथीची जुडी. दारातूनच लेकीला त्यांच्या बोलीत म्हणाले, “बरं शे ना, प्राजू?” आणि मग माझ्याकडे वळून शहरी मराठीत नमस्कार केला. चहा झाला. द्राक्षांची परडी पुढे केली तर त्यांनी एकच मणी घेतला आणि म्हणाले की द्राक्षवाल्यांचं आमच्यापेक्षा लय कठीण, एक गार पडली तर वर्ष गेलं. मग प्राजक्ताने धीर करून विचारलं, की ॲप वापरता ना?

नानांनी फोन काढून टेबलावर ठेवला. पडद्यावर तो पडलेला चेहरा होता, माझ्या फोनमध्ये मी कधीच न पाहिलेला. भुवया खरंच छान जमल्या होत्या.

“लाल कांदा विकला त्या दिवशी यानं फटाके उडवले,” नाना म्हणाले. “म्हणे वा, तुम्ही लय बचत केली, कुठं फिरायला जायचं का? आता उन्हाळ कांदा वावरात उभा हे. औषध, मजुरी, पाणी, सगळं चालू हे. तर महिनाभर हे रोज सकाळी माझ्याकडं बघून तोंड पाडतं. मी काय गुन्हा केला, सांग ना.”

त्यांचा आवाज चढला नव्हता. उलट थोडे हसलेच ते. पण मग त्यांनी फोन उपडा करून ठेवला, आणि निघताना पायऱ्यांवर प्राजक्ताला म्हणाले, की चांगलं केलंयस, मेहनत दिसते, पण हे पगारवाल्यांचं हे. आपल्या लोकांना नाय चालायचं. पुण्याला कळवून टाक. ते दारापर्यंत गेले आणि परत येऊन मला म्हणाले, मेथी आजच करा, उद्या पिवळी पडेल.

ती संध्याकाळ मला आठवते. प्राजक्ता टेबलाशी बसली होती पण लॅपटॉप मिटलेला. मी मेथी निवडत होते. पानं एकीकडे, काड्या एकीकडे. मी व्यवस्थितपणाने तिला सांगायला लागले, की बघ, काही लोकांसाठी दुसरा चेहरा करता येईल, मधला, ना हसरा ना पडलेला. ती म्हणाली, “काकू, शेतकऱ्याला गंभीर चेहरा दाखवायचा का मग?” मी पुन्हा मेथीकडे वळले. तिने पुण्याच्या साहेबांना मेल लिहायला घेतलं. दोन ओळी लिहिल्या. चांगल्या इंग्रजीत होत्या, हे मी नजर टाकून बघितलं, आणि मला त्या वाचवेनात.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. रविवारी तुमचा फोन येतो. त्या दिवशीचा फोन तुम्हाला आठवणार नाही, कारण तुमच्या दृष्टीने त्यात काहीच घडलं नाही. इरा, तू नवीन चष्मा दाखवलास. मी नेहमीसारखा फोन गच्चीवर नेला आणि तुम्हाला वाळणारी द्राक्षं दाखवली, उलटून दाखवली, एक चावून दाखवलं. प्राजक्ता वाळलेले कपडे काढायला वर आली होती, ती कठड्याला टेकून द्राक्षं खात उभी होती. मेल अजून पाठवलेलं नव्हतं.

आणि कबीर, तू विचारलंस, “आजी, मी येतो तो महिना कधी?”

इरा हसली. म्हणाली, अरे, जुलै म्हण, महिन्यांना नावं असतात. तुला ते पटलं नाही. तू आपल्या बोटांवर तिला समजावून सांगितलंस, की हा द्राक्षं दाखवायचा महिना. मग पन्हं दाखवायचा महिना. मग आजीच्या गच्चीवर पापड, आणि मग मी येतो तो महिना. इरा म्हणाली, असं कॅलेंडर नसतंच. तू म्हणालास, माझ्याकडे आहे.

तुमचा फोन ठेवून मी वळले, तर प्राजक्ताच्या हातातला घड तसाच होता. ती माझ्याकडे बघत नव्हती, पंचावरच्या द्राक्षांकडे बघत होती.

“काकू, आपण एक तारखेपासून का सुरू केलं?”

मी म्हटलं, “का म्हणजे? पगार एक तारखेला येतो.”

“आमच्या घरात कधीच कुणाचा पगार आला नाही,” ती म्हणाली. “मी शाळेत असताना आई म्हणायची, दप्तर कांदा निघाल्यावर. चप्पल कांदा निघाल्यावर. मला हे माहीत होतं. मी विसरले कशी?”

कशी विसरली, ते मला त्या दिवशी कळलं नव्हतं, आज थोडं कळतं. तीन वर्षं तिच्या खात्यात एक तारखेला पैसे पडले, आणि त्यामुळे तिला वाटलं, पैशाचा स्वभावच तसा आहे. मला तर सबंध आयुष्य तसंच वाटत आलं. आम्ही दोघी ज्या टेबलाशी बसलो होतो, त्याच्या सगळ्या बाजूंनी, दिंडोरीपासून मखमलाबादपर्यंत, लोक वर्षातून एकदा-दोनदा येणाऱ्या पैशावर वर्षभराचं घर चालवत होते. फुलवाल्यांचा पैसा दसरा-दिवाळीत आणि लग्नसराईत. द्राक्षवाल्यांचा याच दोन-तीन महिन्यांत. घोटीकडे भाताचा. या सगळ्यांसमोर आम्ही एक तारीख घेऊन बसलो होतो आणि त्यांना चेहरे दाखवत होतो. आणि दुकानातली द्राक्षं बारमाही खाणारा आमचा कबीर, ज्याने वेलीवरचं द्राक्ष कधी पाहिलेलं नाही, तो हंगामावर तारखा मोजत होता. हसावं की काय करावं.

ते मेल गेलं नाही. टेबलावर पुन्हा कागद आले, या वेळी सगळे पांढरे. चेहरा काढून टाकला. मला वाईट वाटलं, खरंच सांगते, भुवयांचं वाईट वाटलं. पहिल्यांदा ॲप उघडलं की आता ते एवढंच विचारायचं, की तुमच्या घरी पैसा कधी येतो? माणूस बोलून सांगणार, कांदा निघाल्यावर, दिवाळीत, एक तारखेला, काहीही. मग विचारायचं, पुढचा येईपर्यंत वाट कशाची? त्यावर माणूस आपल्या हंगामाला नाव देणार. आणि मग ते ॲप त्या दोन टोकांमध्ये पैसा पसरून दाखवायचं, पंचावर द्राक्षं पसरतात तसा, की आत्ता एवढं वापरलंत तरी पुढच्या हंगामापर्यंत पुरतं. शिव्या नाहीत, शाबासकी नाही, फटाके तर मुळीच नाहीत. कुसुमने आपल्या पहिल्या प्रश्नाला उत्तर दिलं, ‘मुलाच्या मनात येईल तेव्हा.’ ॲपने ते निमूट लिहून घेतलं. मला वाटतं, कुसुमला त्या दिवशी पहिल्यांदा एखादं यंत्र समजूतदार वाटलं.

नानांना प्राजक्ताने काही सांगितलं नाही. त्यांच्या फोनमधलं ॲप आपोआप नवं झालं, एवढंच. त्यांनी वापरलं की नाही, तिने विचारलं नाही. मी दोनदा विचार म्हटलं. ती म्हणाली, विचारलं तर ते माझ्यासाठी वापरतील. तसं नको.

पतसंस्थेत दाखवायला बोलावलं तेव्हा आखाजी तोंडावर आली होती. ऊन चांगलंच तापलेलं. द्राक्षांच्या गाड्या जाऊन कलिंगडाच्या आल्या होत्या. प्राजक्ताने मला बरोबर नेलं, म्हणाली, तुम्ही नुसत्या बसा, तुम्ही असलात की माझी वाक्यं सरळ येतात. पंखा करकरत होता, टेबलावर ताकाचे ग्लास. अध्यक्ष म्हणजे एक पोक्त गृहस्थ, कानावर पेन, स्वतःची गुलाबाची शेती. त्यांनी सगळं शांतपणे बघितलं. बटणं दाबून पाहिली. मग म्हणाले, ताई, दिसतं छान. पण आमचा माणूस दिवसभर रानात असतो. तो हे उघडेल का, खरं सांगा.

प्राजक्ताने वडिलांचा नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकून ताकाच्या ग्लासांमध्ये ठेवला. नानांना काहीच माहीत नव्हतं. ते नाही म्हणाले असते, तर त्याच खोलीत, आम्हा सगळ्यांसमोर म्हणाले असते.

फोन बराच वेळ वाजला. मग मागे ट्रॅक्टरचा आवाज आणि नाना.

“नाना, ते ॲप...” ती म्हणाली.

“टाकलं ना बाई कालचं डिझेल त्याच्यात,” नाना ओरडले, ट्रॅक्टरमुळे. “मजुरी पण टाकली. रोज काय विचारती? इथं कांदाचाळ भरायची चालू हे, कांदा उन्हात पडलाय. ठेव फोन.”

आणि त्यांनीच ठेवला. रोज विचारायचं ते ॲप; प्राजक्ताने रोज तर सोडाच, महिनाभरात एकदाही विचारलं नव्हतं, हे त्या खोलीत फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. अध्यक्षांनी कानावरचं पेन काढलं, पुन्हा कानावर ठेवलं, आणि म्हणाले, “आपण एका शाखेत सुरू करून बघू.” मग ताक प्यायला सांगितलं. ताकात मीठ जास्त होतं. माझ्या आयुष्यातलं उत्तम ताक.

आखाजीला प्राजक्ता देवळ्याला गेली आणि झोक्यावर बसल्याचा फोटो पाठवला. फोटो कुणी काढला विचारलं, तर म्हणाली नानांनी. तो थोडा वाकडा आहे आणि अर्ध्या फोटोत अंगठा आहे. मी तो फ्रेम करून वरच्या खोलीत लावला आहे, सरळ लावला आहे, तरी वाकडाच दिसतो.

यंदा त्या पतसंस्थेच्या दुसऱ्याही शाखा आहेत. प्राजक्ताला मदतीला दोन मुली आल्या आहेत आणि तिघींनाही माझ्याच टेबलाशी रेंज येते. वरच्या खोलीला मी नवीन नेट बसवून दिलं, त्यालाही वर्ष होत आलं. तरी रेंज टेबलाशीच येते. मी आता काही म्हणत नाही. ताटं मांडीवर घेऊन जेवायची सवय झाली आहे.

काल ती हातगाडीवरची आंबट द्राक्षं घेऊन घरी आले. जुना फोन गेल्या आठवड्यात बिघडला म्हणून नवा घेतला आहे, त्यात ॲप पुन्हा घालावं लागलं. उघडलं तर सुरुवातीचे प्रश्न आले. प्राजक्ताने ते प्रश्न लिहिले तेव्हा मी टेबलाशीच होते, पण मला स्वतःला ते कुणी विचारले नव्हते, कारण माझं जुनं खातं एक तारखेचंच होतं. तुमच्या घरी पैसा कधी येतो? एक तारखेला, मी म्हटलं. पुढचा येईपर्यंत वाट कशाची? मी चष्मा काढून पुसायला घेतला.

प्राजक्ता माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. म्हणाली, काकू, पुढच्या एक तारखेची म्हणा, तुमचं सोपं आहे.

मी बोलले ते ॲपने जसंच्या तसं मोठ्या अक्षरात लिहून घेतलं. ‘कबीर येतो तो महिना.’ प्राजक्ताने वाचलं आणि परडीतला एक मणी उचलून तोंडात टाकला, आणि आंबटपणाने तिचा डोळा मिटला.

आता ॲप मला रोज सकाळी दाखवतं, की आत्ताचं वापरून त्या महिन्यासाठी काय काय बाजूला राहील. इरा, तुझ्या पतंगाच्या कागदांची सोय झाली आहे. द्राक्षं अजून पंधरवडाभर पिकायची आहेत. पिकली की उकळत्या पाण्यात बुडवून वर पसरेन, दर तासाला उलटेन, आणि बरणीवर चिठ्ठी लावेन. रविवारी फोन गच्चीवर नेईनच.